सरवा

सरवा हा शब्द मी पहिल्यांदा आजीच्या तोंडून ऐकला आणि पुष्कळ वर्षांनी तो मला पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये भेटला, तेव्हा परगावच्या बाजारात आपल्या घरचे माणूस अचानक दिसावे तसा आनंद मला झाला. ज्वारीची काढणी होऊन कणसे खळ्यावर गेली, की धसकटांच्या मधे राहून गेलेली, कापणाऱ्याच्या हातून निसटलेली कणसे वेचायची, त्याला आमच्या अंबड भागात सरवा वेचणे म्हणतात. आजीचे बालपण दुसऱ्यांच्या शेतांत सरवा वेचण्यात गेले. दिवसभर वाकून जे ओटीत येई, ते संध्याकाळी बडवून, पाखडून, जात्यावर दळून त्याच्या भाकरी होत. कोणत्या शेताचा मालक सरवा वेचू देतो, कोण हाकलतो आणि कोण आधी आपल्या घरच्या बायांना वेचायला लावून मग उरलेले रान मोकळे करतो, हे तिला साठ वर्षांनंतरही शेतागणिक आठवत असे.

लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात इस्राएल लोकांना आज्ञा आहे की, शेताची कापणी करताना कानाकोपऱ्यातले पीक झाडून सारे कापू नये, सरवा वेचून घेऊ नये, द्राक्षमळ्यात पडलेली फळे गोळा करू नयेत. ती गरीब आणि उपरी यांच्यासाठी राहू द्यावीत. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात हीच आज्ञा पुन्हा येते आणि तिथे तिचे कारणही दिलेले आहे. ‘गरिबांची दया करा’ असे ते कारण नाही. तू मिसर देशात दास होतास याची आठवण ठेव, म्हणून मी तुला ही आज्ञा देत आहे, असे परमेश्वर म्हणतो. ज्याला सोडवले गेले आहे त्याने आपली सुटका विसरू नये आणि ती आठवण कुठे ठेवायची, तर शेताच्या कोपऱ्यात, न कापलेल्या ताटांच्या रूपाने. ख्रिस्ती माणसाच्या देण्याविषयी मी आयुष्यभर जी प्रवचने ऐकली त्यांत एवढे नेमके काही मला क्वचितच ऐकायला मिळाले.

आजोबांनी मिशनच्या शाळेत शिपायाची नोकरी करून साठवलेल्या पैशांतून तीन एकर रान घेतले. पहिल्याच वर्षी काढणीच्या दिवशी आजीने बाभळीकडच्या कोपऱ्यातल्या चार-पाच ओळी कापू दिल्या नाहीत आणि मजुरांना सांगितले की, खाली पडलेले कणीस उचलायला मागे वळायचे नाही. आजोबा चिडले. तीन एकरांत असे कितीसे पिकणार, आणि त्यातले सोडायचे किती? आजी म्हणाली, “तुमचं रान हाय, तुमी कापा. पर आपल्याला कुनी तरी सोडलं म्हून आपन जगलो, येवढं ध्यानात धरा.” आजोबांनी त्या ओळी कापल्या नाहीत. पुढे दर वर्षी त्या तशाच राहत गेल्या आणि आमच्या घरात त्यावर पुन्हा कधी चर्चा झाली नाही.

मला या पद्धतीतली आणखी एक गोष्ट फार मोलाची वाटते. सरवा वेचणारीला कोणापुढे हात पसरावा लागत नाही. ती कष्ट करते, स्वतःच्या हाताने वेचते आणि स्वतःच्या ओटीत घेऊन जाते. देणारा समोर उभा नसतो, त्यामुळे त्याच्याकडे मान वर करून पाहण्याची वेळ तिच्यावर येत नाही. रूथच्या पुस्तकात रूथ ही परदेशी विधवा बवाजाच्या शेतात सरवा वेचायला येते, आणि बवाज याच्याही पुढे जातो. तो आपल्या गड्यांना सांगतो की, पेंढ्यांतूनही थोडीथोडी कणसे मुद्दाम ओढून टाका, तिला वेचू द्या आणि तिला दटावू नका. आपल्याला मुद्दाम दिले जात आहे हे रूथला कळू नये, एवढी काळजी त्या देण्यात आहे.

जालन्याजवळ बेथेल नावाचे गाव आहे. 1843 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात ते वसवले. ते जन्माने ब्राह्मण होते आणि जालन्याच्या परिसरात त्यांनी मांग समाजात काम केले. गावकुसाबाहेरच्या माणसांना जिथे स्वतःचे घर, विहीर, शाळा आणि उपासनेची जागा असेल असे गाव व्हावे म्हणून निजामाच्या राज्यात जमीन मिळवून त्यांनी ही वस्ती उभी केली. तिला नाव दिले बेथेल, म्हणजे देवाचे घर.

हे नाव उत्पत्ती या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायातले आहे आणि दशमांशाशी, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देवाला देण्याशी, त्याचे नाते जुने आहे. भावाला फसवून पळालेला याकोब वाटेत धोंडा उशाला घेऊन झोपतो आणि स्वप्नात स्वर्गापर्यंत पोहोचलेली शिडी पाहतो. देव त्याला सांगतो की, मी तुझ्याबरोबर आहे, तू जाशील तिथे तुझे रक्षण करीन आणि तुला या देशात परत आणीन. या वचनाला कसलीही अट नाही. याकोबाने काही दिलेले नाही, काही कबूल केलेले नाही. उलट त्याच्या पदरी फसवणूकच आहे. सकाळी उठून तो त्या जागेला बेथेल असे नाव देतो आणि लगेच नवस बोलतो: देव माझ्याबरोबर राहिला, त्याने मला खायला भाकर व ल्यायला वस्त्र दिले आणि मी सुखरूप घरी परतलो, तर परमेश्वर माझा देव होईल आणि तो मला जे देईल त्याचा दहावा भाग मी त्याला देईन. देवाने जे बिनशर्त दिले होते त्याला याकोबाने अट घातली. शब्बाथशाळेत आम्हांला ही गोष्ट दशमांशाचे उदाहरण म्हणून शिकवली जात असे. मला मात्र ती आता एका घाबरलेल्या माणसाच्या सौद्याची गोष्ट वाटते, आणि तिचे उत्तर तिथे न मिळता पाच अध्यायांनंतर मिळते.

वीस वर्षांनी याकोब परततो तेव्हा त्याची भाषा बदललेली असते. तुझ्या करुणेला मी पात्र नाही, मी केवळ एक काठी घेऊन यार्देन नदी उतरलो होतो, असे तो प्रार्थनेत म्हणतो. शेळ्यामेंढ्यांचे कळप त्याने भीतीपोटीच पुढे पाठवलेले असतात, भाऊ एसाव याचा राग शमावा म्हणून. परंतु एसाव धावत येऊन त्याच्या गळ्यात पडतो, राग उरलेलाच नसतो, आणि ‘माझ्याजवळ पुष्कळ आहे’ असे सांगून तो भेट नाकारतो. तरीही याकोब आग्रह सोडत नाही. ही भेट घे, कारण देवाने माझ्यावर कृपा केली आहे, असे तो म्हणतो. आता भीती संपली, सौदा संपला आणि तरीही त्याला द्यायचे आहे. ख्रिस्ती दातृत्व नेमके कुठे सुरू होते असे मला कोणी विचारले, तर मी बोट बेथेलच्या धोंड्यावर ठेवणार नाही, या आग्रहावर ठेवीन.

नवसाची सवय मात्र बाप्तिस्म्याने सुटत नाही. मराठवाड्यात पाण्याचा भरवसा नाही, पिकाचा नाही, दवाखान्याच्या खर्चाचा नाही. अशा जगण्यात देवाशी काही तरी ठरवून घ्यावे असे माणसाला वाटणे स्वाभाविक आहे आणि त्याबद्दल मी कोणाला नावे ठेवणार नाही. राग येतो तो या असहायतेचा फायदा घेणाऱ्यांचा. काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीजवळच्या मैदानात मांडव घालून सभा झाल्या. वक्त्याने प्रेषित पौलाच्या पत्रातले वचन घेतले की, जो हात राखून पेरतो तो त्याच मानाने कापणी करील, आणि मंडपातल्या बायांना सांगितले की, तुमचे अर्पण म्हणजे बी आहे, आज पेराल तर शंभरपट मिळेल. माझ्या शेजारणीने मुलाच्या नोकरीसाठी कानातली फुले काढून दिली. नोकरी लागली नाही. आपलाच विश्वास कमी पडला, असे तिला वाटत राहिले. माझ्या मते तिच्या फुलांपेक्षा हा घाव मोठा आहे.

ज्याने कधी दुबार पेरणी केलेली नाही त्यानेच पेरणीची उपमा अशी वापरावी. मृगात पेरून, पावसाने पंधरा दिवस ओढ दिल्यावर जळालेले कोंब पाहणाऱ्या शेतकऱ्याला ठाऊक असते की, पेरणे म्हणजे खरेदी नव्हे. मुठीतून सुटलेले बी आपले राहत नाही. ते मातीचे, पावसाचे आणि देवाचे होते. पौलाने ती उपमा वापरली तेव्हा तो करिंथकरांना, म्हणजे करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला, नफ्याचे आमिष दाखवत नव्हता, यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करत होता, आणि त्याच्या पुढच्याच ओळीत तो लिहितो की, प्रत्येकाने आपापल्या मनात ठरवल्याप्रमाणे द्यावे, दुःखी मनाने किंवा भाग पडते म्हणून देऊ नये, कारण संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायातली, मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे अगदी कमी किमतीची दोन नाणी, टाकणारी विधवा तर अशा प्रत्येक सभेत हटकून येते. परंतु तिच्या गोष्टीच्या लगेच आधीचे वचन कोणी वाचत नाही. त्यात येशू शास्त्र्यांविषयी सांगतो की, ते विधवांची घरे गिळंकृत करतात आणि देखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करतात. या दोन गोष्टी शेजारीशेजारी आहेत, आणि त्या विधवेची थोरवी सांगणाऱ्याने दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचे आठवा आणि नववा हे दोन अध्याय मी अलीकडे पुन्हा सावकाश वाचले. मूळ ग्रीक भाषेत त्यांत ‘खारिस’ हा एकच शब्द वेगवेगळ्या अर्थांनी येतो. देवाची कृपा ती खारिस, गरिबांसाठी दिलेली देणगी तीही खारिस आणि शेवटी देवाचे आभार मानायचे तेही खारिस. भाषांतरात हे वेगवेगळे शब्द होतात आणि त्यांचे नाते दिसेनासे होते. परंतु आपल्या मराठीतही असा एक शब्द आहे, त्याकडे आपले लक्ष जात नाही इतकेच. आपण उपकार करतो, आपण उपकार मानतो आणि उपासनेत जी स्तुती करतो तिला उपकारस्तुती म्हणतो. देणे, घेतल्याची कबुली देणे आणि देवापुढे आनंद करणे, हे तीनही एकाच शब्दाच्या पोटात आहे. त्याच शब्दाला ‘उपकाराचे ओझे’ असेही आपण म्हणतो. उपकार माझ्यापासून सुरू झाला असे देणाऱ्याला वाटले की घेणाऱ्याच्या डोक्यावर ओझे चढते. आपण मधले आहोत, वरून आले ते पुढे जाऊ देत आहोत, हे त्याला कळले असेल तर तसे होत नाही. आजीला ग्रीक येत नव्हते, अक्षरओळखही बेताचीच होती, पण ती मधली आहे हे तिला पक्के ठाऊक होते.

तिचा एक डबा होता. दळण करताना, म्हणजे गिरणीला न्यायची ज्वारी सुपात घेऊन पाखडून निवडताना, ती पहिली मूठ त्या डब्यात टाकायची. डबा भरला की रविवारी तो उपासना मंदिरात जाई आणि वेदीजवळच्या पोत्यात रिकामा होई. मिझोराममधल्या ख्रिस्ती मंडळ्यांनी अशाच रोजच्या मूठभर तांदळावर आपली केवढी तरी कामे चालवली, हे मी मोठेपणी वाचले. आमच्याकडे एवढे व्यवस्थित काही नव्हते. महिला मंडळातल्या पाचसात बाया होत्या आणि त्यांचे पाचसात डबे होते.

1972 चा दुष्काळ मला स्वतःला आठवत नाही. त्या वर्षाच्या गोष्टी वडिलांनी सांगितल्या. विहिरी आटल्या, जनावरे विकली गेली, आजी-आजोबा दोघेही खडी फोडायला जात. घरात ज्वारी नव्हती, रेशनवर मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी मिळे आणि कामावर मुलांना सुकडी. त्या दिवसांत मंडळीचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, घरी आले आणि आपल्या परीने मायेनेच म्हणाले की, यंदा डबा राहू द्या, देवाला तुमची अडचण कळते. आजीला ते लागले. ती म्हणाली, “पाळकसाहेब, अडचण हाय म्हून देवानं मला द्यायचं सोडलं का? मूठ नसंल तर चिमटी टाकीन. पर माझा डबा बंद करू नगा.” मिलोची चिमटी डब्यात पडत राहिली.

मकदुनियातल्या मंडळ्यांविषयी पौलाने हेच लिहिले आहे. त्या हलाखीत होत्या, पराकाष्ठेच्या दारिद्र्यात होत्या, आणि तरीही यरुशलेमेतल्या गरिबांच्या या मदतीत आम्हांला वाटा घेऊ द्या अशी काकुळतीने विनंती करत होत्या. गरिबाला देण्यापासून वगळणे हे दयेचे काम आहे असे आपल्याला वाटते. वगळले गेलेल्याला ते कसे लागते, हे मला आजीमुळे कळले.

तिच्या बाबतीत याला आणखी एक पदर होता आणि तो सांगितल्याशिवाय मराठवाड्यातल्या ख्रिस्ती माणसाच्या देण्याविषयी काही लिहिणे अपुरे राहील. तिच्या आईवडिलांच्या पिढीने गावकीची कामे केली होती आणि त्या बदल्यात दारोदार फिरून भाकरी मागितली होती. त्या भाकरीवर त्यांचा हक्क होता, कारण ती त्यांच्या कष्टांची होती. पण ती वरून, अंतर राखून, शिळी आणि उपकार म्हणून टाकली जाई. ज्या माणसाला पिढ्यान्पिढ्या केवळ घेणारा म्हणून उभे केले, त्याच्या हातात अर्पणाची पिशवी येते आणि त्याला सांगितले जाते की, तुझ्या हातचे देवाला चालते, याचा अर्थ बाहेरून पाहणाऱ्याला पुरता कळणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत मिशनऱ्यांनी माणसे जगवली, आणि तेव्हापासून ‘मिशनचा गहू खाऊन ख्रिस्ती झालेले’ हा टोमणा आमच्या मागे आहे. मी तो शाळेत विद्यार्थिनी म्हणून ऐकला आणि पुढे शिक्षकांच्या खोलीतही ऐकला. त्याला मी पुष्कळ वेळा तावातावाने उत्तरे दिली आहेत. आजीने कधी दिले नाही. तिचा डबा दर रविवारी जात राहिला.

मी नोकरीला लागल्यावर दशमांश देऊ लागले. पगाराच्या एकूण रकमेवर द्यायचा की कपात होऊन हातात येते त्यावर, याचा मी बरेच दिवस विचार केला आणि शेवटी एकूण रकमेवर द्यायचे ठरवले. त्या निर्णयाचा मला अभिमान वाटला होता, हे इथे कबूल केले पाहिजे. वर्षअखेरीस मंडळीचा अहवाल छापून येई, त्यात देणगीदारांची नावे रकमेच्या क्रमाने असत आणि मी माझे नाव वरून कितवे आहे ते पाहत असे. एका वर्षी ते पाहून झाल्यावर मी आजीचे नाव शोधले. ते कुठेही नव्हते. जमेच्या बाजूला, अगदी शेवटून दुसऱ्या ओळीत ‘किरकोळ धान्य विक्री’ असे लिहिले होते आणि पुढे एक लहानशी रक्कम होती. तिचे वर्षभराचे दळण त्या ओळीत होते. आजीला मी ते वाचून दाखवले, तेव्हा तिने विचारले की, पोत्याला भाव बरा मिळाला का. मी त्या दिवसापासून अहवाल उघडत नाही असे नाही, पण ती यादी वाचत नाही.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन झाले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली दगडमातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि हजारो माणसे गेली. आमच्या मंडळीने भांडी, घोंगड्या, कपडे आणि धान्य गोळा केले, आणि ते घेऊन गेलेल्या गाडीत मीही होते. वाटेत रस्त्याच्या कडेला कपड्यांचे ढीग पावसात भिजत पडलेले दिसले. ठिकठिकाणाहून आलेले ते जुने, फाटके, काही तर धुतलेलेही नसलेले कपडे होते. कपाट रिकामे करण्याला आपण दान म्हणतो, तेव्हा काय होते ते मी त्या ढिगांत पाहिले. एका गावात आम्ही आमच्या गाडीतूनही कपडे खाली उतरवू लागलो, तेव्हा एक म्हातारे गृहस्थ पुढे आले. त्यांच्या घरातली तीन माणसे गेली होती. ते शांतपणे म्हणाले, “ताई, कापडं लई आली. रब्बीची येळ झाली हाय. ज्वारीचं, करडीचं बी आनता आलं तर बगा.”

आम्ही परत जाऊन बियाणे आणले. आमच्यातल्या काहींना वाटले होते की, एवढ्या दुःखात हा माणूस शेतीचा विचार कसा करू शकतो. मला मात्र त्या म्हाताऱ्या गृहस्थांचे ते मागणे पुढे अनेक वर्षे पुरले. कोणालाही काही देण्यापूर्वी, त्याला काय हवे आहे हे विचारण्याइतका आदर माझ्याजवळ आहे का, हे मी तेव्हापासून स्वतःला विचारत आले आहे, आणि उत्तर दर वेळी होकारार्थी येते असे नाही. वधस्तंभाविषयी आपण म्हणतो की, देवाने आपला पुत्र दिला. त्या देण्यात त्याच्याजवळचे नकोसे झालेले काही नव्हते.

लूकच्या शुभवर्तमानातल्या जक्कय या श्रीमंत जकातदाराची गोष्ट या संदर्भात फार सांगितली जाते, म्हणून मी ती लांबवत नाही. फक्त तिचा क्रम पाहावा. येशू आधी त्याच्या घरी उतरतो, लोक कुरकुर करतात आणि मग जक्कय उभा राहून अर्धी मालमत्ता गरिबांना देऊन टाकतो. घरी येण्यासाठी येशूने काही मागितले नव्हते.

आजी जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. तिचा डबा माझ्या स्वयंपाकघरात आहे. छत्रपती संभाजीनगरात दळण क्वचित होते, पिठाच्या पिशव्या आणल्या जातात, त्यामुळे त्यात मूठ पिठाचीच पडते आणि महिन्याच्या शेवटी तिची किंमत काढून मी पाकिटात घालते. हिशोबाची माझी सवय पूर्ण सुटलेली नाही. अंबडकडच्या तीन एकरांत आता ज्वारी नसते, सोयाबीन असते. भाऊ ते बटाईने लावतो आणि मळणी यंत्र दोन तासांत रान मोकळे करून निघून जाते. बाभळ रस्त्याच्या रुंदीकरणात गेली, पण तो कोपरा आम्ही अजून सोडतो.

गेल्या ऑक्टोबरात मी तिथे गेले होते. यंत्र दुसऱ्या शेताकडे वळले होते आणि बांधाबांधाने एक बाई आपल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. परभणीकडून ऊसतोडीला निघालेल्या टोळीतली होती आणि टोळीचा मुक्काम पाझर तलावाजवळ होता. ती थोडी लांबच थांबली आणि म्हणाली, “बाई, शेंगा पडल्यात. सरवा येचू का?”

मी म्हणाले, “येचा की. त्या कोपऱ्यापून सुरू करा, तिथं लई हाय.”

मुलगी आईच्या आधी धावली. मी घराकडे वळले, कारण तिथे उभे राहून पाहत राहणे मला बरे वाटेना.